दाब, धर, सोड

गेले दोन महिने आमची 2001 सालची मारुती 800 प्रत्येक गतिरोधकावर 'टक्' म्हणत होती. मोठ्यानं नाही, जीभ टाळूला लावून वाजवावी तितकंच. लोअर आर्मचा बुश गेला होता. गॅरेजवाले म्हणाले, "हिच्यात कशाला पैसे घालताय आता?" हा प्रश्न मला लागतो. रविवारी पार्किंगमध्ये मीच जॅक लावला, खाली स्टँड सरकवले, चटई अंथरली.

बुशचं रबर शिळ्या भाकरीसारखं तडकलेलं. नव्याचा बोल्ट नुसता घालून ठेवायचा. आवळायचा तो चाकं टेकून गाडीचा भार अंगावर आल्यावरच. चाक लोंबकळत असताना आवळलात, तर गाडी खाली आल्यावर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. हे कळल्यावर पाना हातात धरून मी थोडा वेळ नुसताच बसलो.

मागच्या ड्रममधले ब्रेक शू बदलले. तिथली धूळ फुंकू नये, ओल्या फडक्यानं टिपावी. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ब्रेक ऑइलही बदलायचंच होतं. ते हवेतला ओलावा पितं. ताजं डॉट 3 निदान 205 अंशांपर्यंत उकळत नाही. ओलावा प्यायलेलं 140 लाही उकळू शकतं. मग ताम्हिणी घाट उतरताना पाय नुसती वाफ दाबतो.

ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढायला दुसरं माणूस लागतं. घरी आईच होती. जन्मभर डाव्या सीटवर, मांडीवर डब्याची पिशवी घेऊन बसलेली. आज पदर खोचून उजवीकडे बसली, कार्यात पाटावर बसावं तशी. मी मागच्या चाकापाशी उकिडवा.

"आई, दाब."

"दाबलं."

"धर."

निपल सैल केलं. "अरे, खाली गेलं! मोडलं का?"

"नाही गं, सोडू नकोस तेवढं."

नळीतून चहाच्या रंगाचं तेल आलं, मागोमाग बुडबुडे. निपल बंद केलं. "सोड." पुन्हा दाब. पुन्हा धर. जात्याला दोघी बसल्यासारखी लय लागली. तिसऱ्या चाकाला तर तीच हुकूम द्यायला लागली, "धरलंय. चल, उघड तू." चौथं होईपर्यंत पेडल दगडासारखं लागायला लागलं.

बुशचा बोल्ट आवळायचा राहिला होता. चाकं जाड फळ्यांवर टेकवली. आई उतरायला निघाली.

"बसून राहा, वजन हवंय."

"माझं कसलं आलंय वजन," म्हणत ती बसली आणि हॉर्न कुठं असतो ते शोधायला लागली.