ओव्हनविना केक, गव्हाविना मऊपणा : कोकणातील फळांची सांदणे

पनवेल सोडून गाडी दक्षिणेकडे धावू लागली, की हळूहळू खिडकीबाहेरचे रंग पालटतात. तांबडी माती, जांभ्या दगडाचे गडगे, उतरत्या कौलांची घरे आणि प्रत्येक घरामागे नारळ, सुपारी, आंबा आणि फणस. शेतात दिसते ते भात. डोंगरउतारावर नाचणी आणि वरी. गहू मात्र शोधूनही दिसणार नाही. मुसळधार पावसाच्या आणि दमट हवेच्या या पट्टीत तो कधी रुजलाच नाही. पोळी ही कोकणात बाजारातून आलेल्या धान्याची. घरची म्हणायची ती तांदळाची भाकरी, घावन आणि आंबोळी.

अशा मुलखात केकसारखा मऊ, जाळीदार, गोड पदार्थ कशाचा करावा? कोकणी गृहिणीने तांदूळ, गूळ, नारळ आणि दारचे फळ घेऊन या प्रश्नाचे उत्तर केव्हाच देऊन ठेवले आहे. त्यात मैदा नाही, अंडे नाही, लोणी नाही. आज शहरातल्या दुकानांत ‘व्हेगन’ आणि ‘ग्लुटेन-फ्री’ अशा चिठ्ठ्या लावून मफिन मोठ्या किमतीला विकले जातात. रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि गोव्याच्या स्वयंपाकघरांत त्यांची थोरली भावंडे फार पूर्वीपासून नांदत आहेत. त्यांची नावे सांदण, धोंडस आणि तवसाळी.

कापा आणि बरका

या कथेचा नायक आहे फणस. त्याच्या दोन जाती कोकणातल्या लहान मुलालाही ठाऊक असतात. कापा फणसाचे गरे घट्ट आणि कुरकुरीत. ते हातात धरून खावेत. बरक्याचे गरे मात्र बुळबुळीत, धागेदार आणि रसाळ. शहरी पाहुणा बरका पुढे आला की नाक मुरडतो. पण सांदणाला लागतो तो बरकाच. त्याचा रस सहज निघतो, दाट असतो आणि त्याची गोडी तांदळात मुरते.

एप्रिलच्या अखेरीपासून जूनपर्यंत फणस पिकतात. पिकलेल्या फणसाची वर्दी डोळ्यांआधी नाकाला मिळते. फोडण्यापूर्वी हाताला आणि विळीला खोबरेल तेल चोळायचे, नाही तर चीक दिवसभर सुटत नाही. मग अंगणात गोणपाट पसरून घरातली चार माणसे बसतात. एकजण फोडतो, दुसरा गरे काढतो, मुले आठळ्या वेगळ्या करतात. गरे रोवळीवर किंवा चाळणीवर घासले, की धागे वर राहतात आणि केशरी-पिवळा रस खाली उतरतो. आठळ्या वाया जात नाहीत. त्या धुऊन, वाळवून ठेवतात आणि पावसाळ्यात भाजून किंवा भाजीत घालून खातात.

वाफेवरचा मफिन

सांदणाचा जीव तांदळाच्या रव्यात आहे. तांदूळ धुऊन, सावलीत वाळवून जाडसर दळायचे, मग तो रवा मंद आचेवर हलका भाजायचा. त्यात फणसाचा रस, चिरलेला गूळ, नारळाचे दूध किंवा ओले खोबरे आणि चिमूटभर मीठ घालून मिश्रण तासभर झाकून ठेवायचे. रवा रस पिऊन फुगला, की तेल लावलेल्या वाट्यांतून ते उकडायचे. वर गरम नारळाचे दूध ओतून सांदण खातात. तूपही घेतात, पण नारळाच्या दुधाची सर त्याला नाही, असे म्हणणारी घरे पुष्कळ आहेत.

मैद्याच्या केकला आकार देतो तो गव्हातला चिकट प्रथिनांश, म्हणजे ग्लुटेन. त्याची लवचीक जाळी हवेचे बुडबुडे धरून ठेवते. अंडे तिला आणखी बळकटी देते. तांदळात ग्लुटेन नसते. म्हणूनच नुसत्या तांदळाच्या पिठाचा केक भुरभुरीत होतो आणि सुरी लावताच ढासळतो. सांदणात ही उणीव तिघे मिळून भरून काढतात. भिजलेला रवा उष्णतेने फुगून खळीसारखा चिकट होतो, फळाचा गर बांधून ठेवण्याचे काम करतो आणि वाफ ओलावा उडू देत नाही. गार झाल्यावर शिळ्या भाताप्रमाणे सांदणही कडक होऊ लागते. ते गरम खावे किंवा पुन्हा वाफ देऊन खावे, हा घरोघरचा रिवाज या कारणानेच पडला असावा.

खाली निखारे, वर निखारे

सांदण उकडायचे, तर धोंडस भाजायचे. त्यासाठी फळही दुसरे लागते. पावसाळ्यात मांडवावर लोंबणारी मोठी काकडी, म्हणजे तवसे. ती जून होऊन पिवळी पडली, की कोकणातल्या घरांत दोरीने आढ्याला टांगून ठेवतात. सिंधुदुर्गात आणि गोव्यात गणपतीवर जी माटोळी बांधतात, तिच्यातही तवशाला मान असतो.

तवसे किसून, सुटलेल्या पाण्यासकट तांदळाच्या रव्यात मिसळायचे. गूळ, खोबरे आणि वेलची घालायची. पातेल्याच्या तळाशी केळीचे किंवा हळदीचे पान घालून मिश्रण ओतायचे आणि पातेले चुलीच्या मंद निखाऱ्यांवर ठेवायचे. वर पत्र्याचे झाकण आणि झाकणावरही निखारे. ओव्हन तरी याहून वेगळे काय करतो? दोन्ही बाजूंनी सारखी उष्णता देतो, इतकेच. झाकण उघडले, की वरचा थर तांबूस, कडा खरपूस आणि पानाचा वास सगळीकडे भरून राहिलेला. रत्नागिरीकडे हे धोंडस, गोव्यात तवसाळी. काही घरांत तवसाळी उकडूनही करतात.

मांडवीच्या काठी

तेरेखोलची खाडी ओलांडून गोव्यात शिरले, की गहू भेटतो. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतले आणि १९६१ पर्यंत त्यांचा अंमल राहिला. त्यांच्यामागून भट्टी आली आणि पाव आला. खमिरासाठी माडाची सूर वापरण्याची युक्ती इथल्याच मातीतली. सायकलवर टोपली बांधून भोंपू वाजवीत येणारा पोदेर आजही गोव्याच्या गावांत दिसतो. अननस, पपई आणि काजू हेही पोर्तुगीजांच्याच जहाजांतून अमेरिका खंडातून आले आणि कोकणचेच होऊन बसले.

गोव्याची प्रसिद्ध बेबिंका पाहावी. तिच्यात मैदा, अंडी आणि तूप आहे. पण नारळाचे दूधही आहे. आणि ती थरावर थर रचून भाजतात ती वर निखारे ठेवूनच. जिन्नस युरोपचे, हात कोकणचे. त्याच गोव्यात हळदीच्या पानातले पातोळे हिंदू घरांत श्रावण-भाद्रपदात होतात आणि ख्रिस्ती घरांत १५ ऑगस्टला, मरियेच्या स्वर्गारोहणाच्या सणाला. तांदूळ, गूळ आणि नारळ हे त्रिकूट दोन्ही देवघरांना चालते.

आणखी दक्षिणेला, कारवारपासून मंगळूरपर्यंत, फणसाच्या पानांचे द्रोण टोचून त्यांत इडलीचे पीठ उकडतात. कोकणी घरांत त्यांना खोट्टे म्हणतात. मफिनखालच्या कागदी वाटीचे काम तिथे झाडाचे पानच करते.

ज्यांना गहू सोसत नाही

‘व्हेगन’ हा शब्द १९४४ मध्ये इंग्लंडमध्ये जन्मला. डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दूध-अंडीही वर्ज्य करणाऱ्यांसाठी तो रूढ केला. त्याच सुमारास हॉलंडमध्ये महायुद्धाच्या अखेरच्या उपासमारीच्या हिवाळ्यात पाव मिळेनासा झाला. सिलिअॅक नावाच्या पोटाच्या विकाराने खंगलेली काही मुले त्या काळात सुधारली. बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांना गव्हाबद्दल आधीपासून शंका होती. तिला यातून बळ मिळाले आणि १९५० मध्ये त्यांनी आपला प्रबंध मांडला. या विकारावर आजही मुख्य उपाय एकच : गहू, जव आणि राय आयुष्यभर पूर्ण बंद.

भारतात हा विकार गहू खाणाऱ्या उत्तरेकडील प्रांतांत अधिक आढळतो. ज्या घरात असे मूल असते, तिथे वाढदिवस हा आनंदाइतकाच घोराचा दिवस असतो. सगळी मुले केक खातात आणि एक मूल ताटलीकडे पाहत बसते. अशा कुटुंबाला कोकणची वाट दाखवावीशी वाटते ती यासाठी. इथे त्या मुलासाठी वेगळे काही रांधावे लागत नाही; सगळ्यांसाठी जे होते, तेच त्यालाही चालते.

तरीही सावधपण हवे. हल्ली वेळ वाचवण्यासाठी कोणी सांदणात गव्हाचा रवा घालतात, म्हणून खानावळीत ‘रवा कसला?’ हे आधी विचारावे. बाजारातल्या बहुतेक हिंगांत गव्हाचे पीठ मिसळलेले असते. ज्या चक्कीवर गहू दळला, तिच्यावरच तांदूळ दळले तर त्यात गव्हाचा अंश येतो. तांदूळ घरीच मिक्सरवर काढणे उत्तम. आणि नुसत्या संशयावरून गहू सोडू नये. आधी डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी. गहू आधीच बंद केला, तर रक्ततपासणीत विकार लपून राहू शकतो.

इंदूर-बडोद्याच्या घरीही

बरका फणस सर्वत्र मिळणार नाही, पण पिकलेली केळी आणि आंबा मिळतात. आंब्याच्या रसाचे सांदण कोकणातही होतेच.

*सांदण :* तांदळाचा रवा २ वाट्या, फळाचा रस २ वाट्या, चिरलेला गूळ १ वाटी (फळाच्या गोडीप्रमाणे कमी-जास्त), नारळाचे दूध १ वाटी, चिमूटभर मीठ. तासभर भिजवावे, उकडण्याआधी पाव चमचा खाण्याचा सोडा घालावा. खोबरेल तेल लावलेल्या वाट्या किंवा इडलीपात्रात १५ ते २० मिनिटे वाफवावे. कुकर वापरल्यास शिटी काढून ठेवावी.

*भाजलेले मफिन :* तांदळाचे पीठ १ वाटी, नाचणीचे पीठ अर्धी वाटी, कुस्करलेली केळी १ वाटी, गूळ पाऊण वाटी, नारळाचे दूध अर्धी वाटी, तेल पाव वाटी, बेकिंग पावडर १ चमचा, सोडा पाव चमचा, लिंबाचा रस १ चमचा. गूळ नारळाच्या दुधात विरघळवून गाळावा. पिठे, केळी आणि तेल त्यात घालून अर्धा तास मुरू द्यावे. पावडर, सोडा आणि लिंबू शेवटी. साच्यात भरून १८० अंशांवर २५ ते ३० मिनिटे भाजावे. टोचलेली काडी कोरडी निघाली, की झाले. बेकिंग पावडरच्या डब्यावर त्यात कसले पीठ आहे ते वाचावे.

बरक्याचे काय होणार?

केरळने २०१८ मध्ये फणसाला राज्यफळाचा मान दिला. कोकणात १९७२ मध्ये स्थापन झालेल्या दापोलीच्या कृषी विद्यापीठाने ‘कोकण प्रॉलिफिक’ ही कापा जात दिली. कापा टिकतो, लांब पाठवता येतो, त्याला गिऱ्हाईक आहे. बरका पिकला की दोन दिवसांत खावा लागतो. त्याला बाजार नाही. घरातली तरुण मंडळी मुंबई-पुण्याला गेली, की फणस फोडायला आणि रस काढायला चार हात मिळत नाहीत. फळे झाडाखाली कुजतात. फणसाचे लाकूड मात्र खांब-फळ्यांना उत्तम, त्यामुळे घरदुरुस्ती निघाली की कुऱ्हाड आधी बरक्यावर पडण्याची भीती असते. झाड बीपासून फळाला यायला सात-आठ वर्षे लागतात, आणि बी लावले तरी आईसारखेच फळ येईल याची खात्री नसते. एखाद्या परसातला गोड बरका गेला, की ती चव त्या घरापुरती कायमची गेली.

झाड वाचवण्याचा सोपा मार्ग म्हणजे त्याच्या फळाला मागणी असणे. प्रवाशाने घरगुती मुक्कामात सकाळी पाव-ऑम्लेटऐवजी सांदण मागितले, तर यजमानीण बरका तोडू देणार नाही.

कसे जाल?

२६ जानेवारी १९९८ पासून कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली. रत्नागिरी, राजापूर रोड, कुडाळ, सावंतवाडी रोड, थिवी आणि मडगाव ही सोयीची स्थानके. सांदणासाठी मे महिना, धोंडस आणि पातोळ्यांसाठी श्रावण-भाद्रपद निवडावा. पावसाळ्यात या मार्गावरील गाड्यांचे वेळापत्रक वेगळे असते, ते आधी पाहावे. घरगुती खानावळीत एक दिवस अगोदर सांगून ठेवावे. रवा भिजायला आणि फणस पिकायला वेळ लागतो.