बिडाला गेलेला तडा

मराठी घराला बिडाची ओळख तव्यापासून होते, आणि तापलेल्या तव्यावर गार पाणी ओतले की तो तडकतो, हा त्या ओळखीतला पहिला धडा असतो. बीड म्हणजे साच्यात ओतलेले, साधारणपणे शेकडा २ ते ४ भाग कार्बन असलेले लोखंड. याच धातूचा शेगडा, म्हणजे काम जबड्यात आवळून धरणारे अवजार, ठाणे-डोंबिवलीकडच्या एखाद्या गॅलरीत तुळशीच्या कुंडीशेजारी दिसतो, त्यामागे या भागाचा इतिहास आहे. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. ठाण्याची वागळे इस्टेट त्याच्या आरंभीच्या वसाहतींपैकी एक, पुढे डोंबिवलीतही कारखाने आले, आणि तिथे उमेदीची वर्षे घालवलेला फिटर निवृत्तीनंतर दोन खोल्यांतही शेगड्यापुरती जागा राखतो.

शेगडा तडकतो तो बहुधा माणसाच्या घाईने: दांड्यात पाइप घालून तो नको इतका आवळला जातो, किंवा ऐरण समजून जबड्यावर घण घातला जातो. बिडातला बराचसा कार्बन ग्राफाइटच्या बारीक पापुद्र्यांच्या रूपाने विखुरलेला असतो. त्यामुळे बीड दाब उत्तम सोसते, हादरे गिळते, पण ताण आला की पापुद्र्यापासून पापुद्र्यापर्यंत फाटत जाते. असा तडा डोळ्यांआधी कानाला कळतो, कारण मडके वाजवून पाहावे तशी टिचकी मारली असता धड बीड खणखणते आणि तडकलेले बद्द वाजते. तड्याची टोके मात्र डोळ्यांनीच शोधावी लागतात, आणि त्यासाठी रॉकेलचा बोळा फिरवून, पृष्ठभाग कोरडा पुसून वर खडूची पूड भुरभुरली, की आत मुरलेले रॉकेल पाझरून पांढऱ्यावर काळसर रेघ उमटते. रेघेच्या दोन्ही टोकांना छिद्रे पाडली की तडा पुढे सरकत नाही.

मग तडा पितळाने सांधण्यासाठी त्याच्या कडा उतरत्या करून खाच काढायची, आणि शेवटचा हात कानशीने फिरवायचा, कारण ग्राइंडरने ग्राफाइट पृष्ठभागावर माखले जाते व पितळ धरत नाही. बीड सुमारे ११५० अंश सेल्सिअसच्या पुढे वितळते, पितळी काडी त्याच्या बरीच आधी. म्हणून ब्रेझिंगमध्ये, म्हणजे पितळाच्या सांध्यात, बीड न वितळवता काम भागते. टाकणखार लावायचा तो तापताना धरणारा गंज विरघळून पितळ पसरावे म्हणून. हे काम इमारतीच्या गॅलरीतले नव्हे. पितळातल्या जस्ताचा पांढरा धूर छातीत जाऊ नये म्हणून बैठ्या घराचे मोकळे अंगणच बरे, आणि कल्याणच्या जुन्या वस्तीत तेही आता मुश्किलीने सापडते.

सगळी कसोटी तापवण्या-निवण्यात आहे. एकच जागा तापवली तर ती फुगू पाहते, भोवतीचे थंड बीड तिला अडवते आणि निवताना नवा तडा जातो. म्हणून संपूर्ण जबडा कोळशाच्या शेगडीवर हळूहळू तापवून, सांधा होताच कोरड्या राखेत पुरून ठेवतात. पंखा लावायचा नाही, पावसाळी वारा लागू द्यायचा नाही. सकाळी राख झटकली की काळ्या बिडावर पिवळी रेघ दिसते. कानशीने ती सपाट होते, पण रंग झाकत नाही, आणि जबडा पुन्हा मिटतो तेव्हा दांड्यावर पाइप नसतो, नुसता तळहात असतो.