आठांतला एकच राबतोय

टी. ई. च्या मिनी प्रोजेक्टचा डेमो दुसऱ्या दिवशी, आणि आमची क्वेरी ४८ सेकंद घेतेय! ४८ सेकंद म्हणजे किती, हे घड्याळात बघून कळत नाही. परीक्षक शेजारी बसलेत असं समजून कोऱ्या स्क्रीनकडे बघत राहा, मग कळतं.

विषय होता हॉस्टेलची वीज. ४० मीटर, दर मिनिटाला एक रीडिंग, असं वर्षभर. म्हणजे पोस्टग्रेसमध्ये २ कोटी १० लाख ओळी. वेळेप्रमाणे दर बदलतो, म्हणून युनिटांचे रुपये करणारं एक छोटंसं फंक्शन मी लिहिलं होतं. (मी लिहिलं होतं, हे लक्षात ठेवा.)

'टॉप' लावून पाहिलं, तर एक प्रोसेस शंभर टक्क्यांवर घामाघूम आणि बाकी सात प्रोसेसर निवांत. म्हटलं, अगदी आमच्या ग्रुपसारखंच! चौघांत मी एकटीच राबतेय. खरं तर कोडला हात मीच कुणाला लावू देत नव्हते. त्यातून एक जण मराठी मीडियमचा, वायवाला इंग्लिशमध्ये अडखळणारा. त्याच्याकडे मी रिपोर्टचं बाइंडिंग सोपवलं होतं.

एकच क्वेरी अनेक प्रोसेसरवर वाटायची सोय पोस्टग्रेसमध्ये २०१६ च्या ९.६ आवृत्तीत आली. मुख्य प्रोसेसला जास्तीत जास्त किती मदतनीस द्यायचे, तो आकडा हल्ली मुळात २ असतो. मी तो ४ केला, ७ केला, सर्व्हर रीस्टार्टही केला. (त्याची गरज नव्हती, पण रात्री दोन वाजता माणूस काहीही करतो.) तरी ४८ सेकंद. पुन्हा ४८.

तो मागे बसून मॅन्युअल वाचत होता, ओळीवर बोट ठेवून. मला हसूच आलं. मग हळूच म्हणाला, "फंक्शन काढून नुसती बेरीज करून बघ ना."

केली. प्लॅनमध्ये लगेच 'गॅदर' उगवलं, मदतनीस कामाला लागले. म्हणजे घोळ माझ्या फंक्शनमध्ये! आपण लिहिलेलं कुठलंही फंक्शन पोस्टग्रेस मुळात 'पॅरलल अनसेफ' धरतं. न जाणो, ते आतल्या आत डेटा बदलत असलं तर? क्वेरीत असं एक जरी फंक्शन असलं, तरी ती सगळी एकाच प्रोसेसनं ओढायची. माझं बिचारं तर नुसता गुणाकार करत होतं. 'ऑल्टर फंक्शन' ची एक ओळ लिहून त्याला 'पॅरलल सेफ' केलं. २ मदतनिसांवर १७ सेकंद, ४ वर १२. ७ मागितले तर ५ च मिळाले, कारण टेबल जेवढं मोठं तेवढेच मदतनीस प्लॅनर देतो. वेळ १२ च्या खाली काही जाईना. नंतर कळलं, मशीनचे ते आठ प्रोसेसर म्हणजे खरे कोअर चारच, एकेक दोनदा मोजलेला.

डेमो झाला. सर खूश. "गुड! हे शोधलं कुणी?"

"वी डिड, सर," मी पटकन म्हणाले.

तो काहीच बोलला नाही. खाली वाकून प्रोजेक्टरची वायर गुंडाळत होता.