बाद न होणारे खेळ

स्काउट-गाइडच्या गणवेशात सगळ्यात जास्त राबतो तो गळ्यातला स्कार्फ. टोपी, पट्टा, बॅज यांना मान असतो; स्कार्फला काम असतं. हात मोडला की त्याची झोळी होते, खोक पडली की पट्टी होते. खेळाच्या तासाला तो कधी शेपूट होतो, कधी डोळ्यांवर बांधला जातो, कधी एकमेकांना गाठी मारून त्याचा दोरखंड होतो. मी पाचवीत गाइड झाले तेव्हा आईने त्याच्या कडा घरीच दुमडून शिवल्या होत्या. आज मोरिवलीतल्या मुलामुलींचे स्कार्फ सरळ करण्यात माझी रविवारची सकाळ जाते. मधल्या वर्षांत नोकरी लागली, लग्न झालं, घर बदललं. हा त्रिकोणी कपडा काही सुटला नाही.

माझ्या लहानपणीची मोरिवली धड गाव नव्हती, धड शहर नव्हती. एका अंगाला एमआयडीसीतले कारखाने, वारा फिरला की नाकाला झोंबणारा रसायनांचा वास. दुसऱ्या अंगाला भातखाचरं, आणि पावसाने उघडीप दिली की लांबवर मलंगगडाचे सुळके. वर्गात आगरी घरांतल्या मुली होत्या, ऑर्डनन्स फॅक्टरीत कामाला असलेल्यांच्या होत्या, घाटावरून कारखान्यांत पोटासाठी आलेल्या कामगारांच्या होत्या, उल्हासनगरहून रिक्षाने येणाऱ्या सिंधी मुलीही होत्या. एकत्र शिकत होतो, पण डबे मात्र आपापल्या कोंडाळ्यात उघडायचे. गाइडच्या बाईंनी पहिल्याच दिवशी ती कोंडाळी मोडली. पॅट्रोल, म्हणजे छोट्या तुकड्या, पाडताना एका बाकावरच्या दोघी एका पॅट्रोलमध्ये राहणार नाहीत, हे त्यांनी कटाक्षाने पाहिलं. आम्हाला राग आला होता.

बाईंच्या त्या करण्यामागची परंपरा मला पुष्कळ उशिरा कळली. 1907 च्या ऑगस्टमध्ये स्काउट चळवळीचे जनक बेडन-पॉवेल इंग्लंडच्या दक्षिणेकडच्या ब्राउनसी बेटावर सुमारे वीस मुलं घेऊन आठवडाभर राहिले, तेव्हा त्यांनी हेच केलं होतं. निम्मी मुलं बड्या घरची, महागड्या शाळांतली. निम्मी जवळच्या गावांतल्या कामकरी घरांतली. त्यांना मिसळून त्यांनी लांडगा, बैल अशा नावांच्या तुकड्या केल्या. अशा आरंभाची ही चळवळ दोन वर्षांनी हिंदुस्थानात आली, ती मात्र गोऱ्या आणि अँग्लो-इंडियन मुलांपुरती. आपल्या मुलांना दार बंद होतं. मग मद्रासला ॲनी बेझंट यांनी आणि अलाहाबादला मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू, श्रीराम बाजपेयी यांनी आपल्या मुलांसाठी वेगळी पथकं उभी केली. 7 नोव्हेंबर 1950 ला या वाटा मिळून भारत स्काउट्स अँड गाइड्स ही संघटना झाली, पुढच्या वर्षी 15 ऑगस्टला मुलींची गाइड संघटनाही त्यात आली. रविवारी झेंड्याखाली उभ्या राहणाऱ्या आमच्या मुलांना मी हे आवर्जून सांगते. त्यांच्या गळ्यातला स्कार्फ कुणीतरी भांडून मिळवलेला आहे, हे त्यांना ठाऊक असलं पाहिजे.

पण सांगायचं आहे ते खेळांविषयी, आणि त्यातही एका खेळाविषयी. आम्ही त्याला आंधळी आगगाडी म्हणायचो. पॅट्रोलमधल्या सगळ्या जणी एकीमागे एक उभ्या राहतात, प्रत्येकीचे दोन्ही हात पुढचीच्या खांद्यांवर. सगळ्यांच्या डोळ्यांवर स्कार्फ बांधलेला. उघडे डोळे फक्त शेवटचीचे, ती गार्ड. सगळ्यात पुढची ती इंजीन. बोलायला बंदी. शेवटचीने उजवा खांदा दाबला की पुढचीने तोच खांदा तिच्या पुढचीचा दाबायचा, असं करत खूण इंजिनापर्यंत पोचते आणि गाडी उजवीकडे वळते. डावा दाबला तर डावीकडे. दोन्ही दाबले की थांबायचं. मैदानात दगड, चपला, पाण्याची बादली मांडलेली असते. कशालाही पाय न लावता गाडी पलीकडे न्यायची.

इंजीन होण्याचा माझा पहिला अनुभव अजून अंगात आहे. कापडातून लालसर उजेड दिसायचा, बाकी काही नाही. पायाखालची खडी एरवी कधी ऐकू आली नव्हती, ती एकाएकी मोठ्याने वाजायला लागली. पाऊल उचललं की वाटायचं, पुढे खड्डा आहे. खांद्यावर मागचीचे हात होते. ती घरी सिंधी बोलणारी, माझ्याशी जेमतेम ओळख असलेली मुलगी. तिने उजवा खांदा दाबला आणि मी वळले. पुन्हा दाबला, पुन्हा वळले. मग दोन्ही हातांनी इतकं घट्ट धरलं की मी जागच्या जागी थांबले. पट्टी काढल्यावर पाहिलं, तर बादली पावलाच्या अंतरावर होती.

शेवटी टाळ्या मिळतात त्या इंजिनाला आणि गार्डाला. पण खेळ टिकतो तो मधल्या डब्यांवर. मधल्या मुलीला दिसत नाही, ती कुठे नेतही नाही. आलेली खूण तशीच पुढे द्यायची, एवढंच तिचं काम. ती गोंधळली, किंवा स्वतःच्या अंदाजाने दुसराच खांदा दाबून बसली, की गाडी दगडावर गेलीच. पुढचीची हिंमत मधलीच्या इमानावर उभी असते. स्काउटच्या नियमांत धाडसाचा नियम सातवा आहे आणि विश्वासूपणाचा पहिला. हा क्रम मला या खेळात पटला.

आपल्या गल्लीतल्या खेळांत घाबरट किंवा लहान मुलासाठी दोनच जागा असतात. एक तर तो पहिल्या झटक्यात बाद होऊन कट्ट्यावर बसतो, नाहीतर कच्चा लिंबू होतो. बाद होणाऱ्याचं दुःख सगळ्यांना कळतं. कच्च्या लिंबाचं कुणी मनावर घेत नाही. त्याला बाद करत नाहीत, पण त्याच्यावर राज्यही देत नाहीत. तो पळतो, ओरडतो, घामाघूम होतो आणि त्याच्या असण्या-नसण्याने डावाला काही फरक पडत नाही. भित्र्या मुलाला खेळात घेण्याची ही रीत प्रेमळ आहे, तरी माझ्या मते ती त्याला भित्राच ठेवते. ज्याच्यावर कुणाचंच काही अवलंबून नाही, त्याला धीट व्हायचं कारण काय? आणि बाद करण्याचे खेळ तर आणखी उलटे. ज्याला सरावाची गरज सगळ्यात जास्त, तो सगळ्यात आधी बाहेर, आणि जो मुळात तरबेज, तो शेवटपर्यंत खेळतो.

आपल्या जुन्या मंडळींनी यावर विचार केलेला होता. हुतुतूचे तीन प्रकार खेळले जात. गनिमीत बाद झालेला गडी डाव संपेपर्यंत बाहेर. अमरमध्ये कुणी बाहेर जायचंच नाही, नुसते गुण मोजायचे. आणि संजीवनीत समोरचा एक मारला की आपला एक जिवंत होऊन आत यायचा. 1921 च्या सुमारास साताऱ्याला खेळाचे नियम बसवले गेले, त्यात संजीवनी आणि गनिमी यांचा मेळ घातला. आजच्या कबड्डीत बाहेर बसलेला गडी सोबत्याच्या पराक्रमाने उठून आत येतो, तो संजीवनीचाच वारसा. खो-खोचे नियम 1914 मध्ये पुण्याच्या डेक्कन जिमखान्यात बांधले गेले, त्यातलं शहाणपण निराळं. पाठलाग करणारा कितीही चपळ असो, त्याला मागे वळता येत नाही. मोह आवरून योग्य क्षणी बसलेल्याच्या पाठीमागे जायचं, खो द्यायचा आणि त्याच्या जागी आपण बसायचं. सांघिक खेळाचं मर्म विचाराल, तर ते मला या बसण्यात दिसतं.

आमच्या रविवारच्या खेळांत म्हणून मी थोडे फेरफार केले. शेपूट पळवण्याच्या खेळात स्कार्फ कमरेला मागे खोचतात. तो गेला की मूल बाद, अशी पद्धत. आमच्याकडे शेपूट गेलेला मुलगा खाली बसतो आणि त्याच्या पॅट्रोलमधलं कुणी हात लावून उठवेपर्यंत बसून राहतो. त्यामुळे चपळ मुलांना पळता पळता मागे बघावं लागतं. आंधळ्या आगगाडीत गार्ड म्हणून मी नेहमी सगळ्यात बुजरं मूल निवडते आणि दांडगटाला इंजीन करते.

या खेळाची खूण एकदा मैदानाबाहेर कामी आली. 26 जुलै 2005 ला उल्हास नदीने बदलापूरपासून कल्याणपर्यंत दाणादाण उडवली. आमच्या वस्तीच्या खालच्या अंगाला नाल्याचं पाणी चढलं, वीज गेलेली. खालच्या खोल्यांतली माणसं वरच्या इमारतीत न्यायची होती. म्हाताऱ्या बाया होत्या, लेकुरवाळ्या होत्या. पावसाचा आवाज एवढा की शेजारच्याचं बोलणं ऐकू येईना. गल्लीतल्या एका तरुणाने पुढे राहून काठीने गटाराचा अंदाज घेतला, बाकीच्यांना मी एकामागे एक उभं केलं, हात पुढच्याच्या खांद्यावर. खांदे दाबले की थांबायचं, एवढंच एकेकाच्या कानाशी जाऊन सांगितलं. पराक्रम म्हणावा असं त्यात काही नव्हतं. अंतर थोडं होतं, पाणी गुडघ्याएवढं. पण मधल्या एका आजींनी खूण इतकी चोख पुढे पोचवली, की मला त्यांना बॅज द्यावासा वाटला.

परवाच्या पावसाळ्याआधी पथकात एक मुलगा आला, चौथीतला. कब म्हणून, म्हणजे स्काउटच्या लहान गटात, नाव घातलं. उंचीची भीती, अंधाराची भीती, मोठ्या आवाजाची भीती. घसरगुंडीवर चढलेला कुणी त्याला पाहिला नव्हता. गोल बसायच्या खेळात सगळे आपापले स्कार्फ रीफ नॉटने जोडून मोठं कडं करतात, कडं दोन्ही हातांनी धरतात आणि एका शिट्टीवर सगळे मिळून मागे रेलतात. गाठ नीट असेल तर सगळ्यांचं वजन एकमेकांना तोलून धरतं. उजवं डाव्यावर, मग डावं उजव्यावर, अशी ती गाठ. दोन्ही वेळा उजवंच वर घेतलं तर दिसायला तशीच दिसते, पण ताण पडला की सरकते आणि सगळे पाठीवर पडतात. या मुलाला मी गाठी तपासायचं काम दिलं. तो प्रत्येक गाठीपाशी गुडघ्यावर बसला, टोकं ओढून पाहिली, एक गाठ सोडायला लावली. ती पॅट्रोल लीडरची निघाली. आठवीतल्या त्या पोराने एक शब्द न काढता ती पुन्हा मारली. मग हा स्वतः कड्यात येऊन उभा राहिला आणि शिट्टी झाल्यावर डोळे गच्च मिटून मागे रेलला. कडं टिकलं. त्याने डोळे उघडून पहिल्यांदा पाहिलं ते गाठींकडे.

तो अजून अंधाराला घाबरतो. घसरगुंडीवर मात्र चढतो, आणि खाली कुणीतरी उभं राहिलंच पाहिजे असा आग्रह धरतो. मला ते योग्य वाटतं. आपल्याला कोण धरणार हे विचारून घेणाऱ्याला मी भित्रा म्हणणार नाही.

मोरिवलीतली खाचरं आता जवळपास संपली. जिथे आम्ही आगगाड्या चालवल्या, तिथे इमारती आहेत, आणि आम्ही मिळेल त्या मोकळ्या तुकड्यावर खेळतो. जागेची अडचण आम्ही निभावून नेऊ. वेळेची मात्र शाळांनी आणि पालकांनीच सोडवायला हवी. वेळापत्रकात स्काउट-गाइडचा तास छापलेला असतो आणि परीक्षा जवळ आली की त्यात गणिताची उजळणी होते. मुख्याध्यापकांना माझी विनंती आहे, तो तास घेऊ नका. आणि पालकहो, तुमचं मूल बुजरं आहे म्हणून त्याला घरी ठेवू नका. त्याच्यासाठी आमच्याकडे काम आहे.