माझं झालं, आता तुझं!

मुलांनो, रात्री अंथरुणावर पडल्यावर झोप येत नाही, असं तुमचं कधी होतं का? उद्या गणिताचा पेपर असतो. नाहीतर घरातली मोठी माणसं हळू आवाजात काहीतरी बोलत असतात आणि आपल्याला वाटतं, नक्कीच काहीतरी वाईट आहे. मी आठवीत होतो तेव्हा महिनाभर माझं असंच झालं होतं. साल होतं १९८६.

आमचं गाव लोणंद. पुणे-मिरज रेल्वेवरचं, कांद्याच्या बाजारासाठी नावाजलेलं. माझे वडील, म्हणजे आमचे दादा, त्या बाजारात मापाडी होते. पोतं काट्यावर चढलं की आकडा बघायचा आणि खड्या आवाजात पुकारायचा. पण त्या वर्षी दादांना आकडे धूसर दिसू लागले. एकदा त्यांनी ४८ किलोचे ४३ पुकारले. शेतकरी चिडला, चार माणसं जमली. त्या रात्री दादा न जेवताच झोपले.

दादांचं काम सुटलं तर? माझी शाळा? धाकट्या बहिणीचं काय? माझं डोकं नुसतं भणभणायचं. वर्गात सर काय शिकवतात, कळायचं नाही.

आमच्या शेजारी एक मावशी राहायच्या. मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात नर्सची नोकरी करून त्या निवृत्त झाल्या होत्या. सगळी आळी त्यांना सिस्टरमावशी म्हणायची. त्या ख्रिस्ती होत्या. रोज संध्याकाळी ओट्यावर बसून बायबल वाचायच्या. एकदा त्यांनी मला हाक मारली. “काय रे बाळा, रात्री उशिरापर्यंत जागा असतोस ना?”

मी सगळं सांगून टाकलं. सांगताना रडूही आलं. मला वाटलं, आता त्या म्हणणार, ‘काळजी करू नकोस.’ पण त्यांनी विचारलं, “दादांना डोळ्याच्या डॉक्टरकडे कधी नेणार?”

मी गप्प. आम्ही सगळे काळजी करण्यात इतके गुंतलो होतो, की हे कुणी ठरवलंच नव्हतं!

मग मावशींनी डॉक्टर विल्यम वानलेस यांची गोष्ट सांगितली. कॅनडात जन्मलेले हे डॉक्टर १८८९ साली आपल्या देशात आले आणि १८९४ साली त्यांनी मिरजेत हॉस्पिटल उभं केलं. दूरदूरच्या गावांतून रोगी येऊ लागले. “एकट्या माणसाला एवढ्यांचं कसं व्हायचं, म्हणून ते रात्रभर जागत बसले असते तर?” मावशी म्हणाल्या. “पण त्यांना पुढचं दिसत होतं. आपल्यासारखे अनेक डॉक्टर इथल्याच मुलांतून तयार व्हायचे. म्हणून १८९७ साली त्यांनी मिरजेत वैद्यकीय शाळा काढली. लांबचं चित्र डोळ्यांपुढे असलं, की आज काय करायचं ते समजतं.”

“आणि देव?” मी विचारलं.

“मत्तयाच्या शुभवर्तमानात, सहाव्या अध्यायात, येशूनं उद्याची चिंता करू नका म्हणून सांगितलंय. दाखला दिलाय पाखरांचा. पण पाखरू काही घरट्यात बसून राहत नाही, पहाटेच उठतं. आम्ही ऑपरेशनच्या आधी प्रार्थना करायचो. पण त्याआधी हात स्वच्छ धुवायचे, हत्यारं उकळायची. मग म्हणायचं, ‘देवा, माझं झालं, आता तुझं.’”

आठच दिवसांत मावशी आम्हाला घेऊन मिरजेला निघाल्या. पॅसेंजर आदर्कीचा घाट चढत होती. दादा माळकरी, वारकरी माणूस. ते हळूच म्हणाले, “ताई, तुमचा देव मला वळखंल का?”

मावशी हसल्या. “ओळख मागायला तो काय बँकेचा मॅनेजर आहे, दादा?”

ऑपरेशनच्या दिवशी मी केसपेपर काढला, तांब्या भरून ठेवला, आईला चहा आणून दिला. मग बाकावर बसून पुटपुटलो, “माझं झालं, आता तुझं.” पोटातला गोळा काही एकदम गेला नाही. पण तिथंच बसल्या बसल्या मला गाढ झोप लागली. महिन्याभरातली पहिली!

नंतर सगळं सुरळीत झालं असं नाही. दोन महिने दादा घरी होते. मी सुट्टीत कांदा निवडायला गेलो. उसने पैसे फिटायला वर्ष लागलं. पण जाड भिंगांचा चष्मा लावून दादा पहिल्यांदा काट्यापाशी उभे राहिले आणि त्यांनी आकडा पुकारला, तो बरोबर होता. मी तिथंच उभा होतो.

मावशी आता नाहीत. दादा शेवटपर्यंत वारकरीच राहिले, पण माउलींची पालखी लोणंदला आली, की माथा टेकवून ते मावशींचंही नाव घ्यायचे.

मी मोठा झालो, तरी काळज्या काही संपल्या नाहीत. त्या तुमच्या आईबाबांनाही असतात, विचारून बघा! रात्री मी स्वतःला एवढंच विचारतो, उद्या माझ्या वाटणीचं काम कोणतं? ते ठरलं, की उरलेलं ओझं खाली ठेवतो.

आणि हो, झोप येत नसेल तर एकटे जागू नका. घरात कुणाला तरी सांगा. मलाही सगळं सांगून टाकल्यावरच वाट सापडली होती.