लळिंगच्या कुरणातला ससा

लळिंगचे कुरण आपल्या माणसांना माहीत आहे ते ३१ जुलैमुळे. १९३७ साली त्या दिवशी डॉ. बाबासाहेब आंबेडकर येथील लांडोर बंगल्यात मुक्कामी होते. त्या आठवणीसाठी दरवर्षी खान्देशातून आणि बाहेरूनही माणसे येथे लोटतात. तेव्हा पाऊस असतो, डोंगर हिरवा असतो. पण मुलाबाळांना घेऊन हे कुरण एकदा हिवाळ्यातही पाहावे.

धुळ्याहून मुंबई-आग्रा रस्त्याने सुमारे १० किलोमीटरवर लळिंगचा किल्ला लागतो. डिसेंबरात येथले गवत वाळून पिवळे पडलेले असते. सकाळी दव आहे तोवर पायवाटेने चालावे. वाटेत कोरड्या, गोल, चोथ्यासारख्या लेंड्या दिसल्या, तर रात्री येथे ससा चरून गेला असे समजावे. नशीब असेल तर अगदी पावलाजवळून तो उसळतो आणि दिसला न दिसला तोच नाहीसा होतो.

हा काही पिंजऱ्यात पाळलेला पांढरा ससा नव्हे. याचा रंग मातीसारखा, मानेमागे काळा डाग. हा बीळ खणत नाही. गवतात अंगापुरती जागा दाबून दिवसभर निश्चल बसतो. याची पिल्ले जन्मतःच केसाळ आणि उघड्या डोळ्यांची असतात, कारण त्यांनाही बिळाचा आसरा नसतो. साऱ्या कुळाचा भरवसा गवतावर!

म्हणूनच हिवाळा त्याला जड जातो. गवत वाळते, कापले जाते, लपण उरत नाही. माळावर हिरवे काही नसते, म्हणून तो रात्री हरभऱ्यात, गव्हात उतरतो. शिकारी तेथेच टपलेले असतात. पूर्वी कुत्री, काठ्या आणि जाळी असत. आता मोटारसायकल आणि बॅटरी आली. डोळ्यांवर झोत पडला की ससा जागीच थिजतो.

हाताला काम नाही, मडक्यात दाणा नाही, अशा दिवसांत आपल्या आज्या-पणज्यांच्या चुलीवर सशाचे कालवण शिजले असेल. त्यांना नावे ठेवण्याचे कारण नाही. मात्र १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने सशाची शिकार गुन्हा आहे. शौकासाठी बंदूक घेणाऱ्याला वकील परवडतो. मजुराचे पोर एका सशापायी कोर्टाच्या खेपा घालते आणि घरची मजुरी बुडते. तरुणांनी हा हिशेब ध्यानात ठेवावा.

पण नुसती शिकार थांबवून ससा वाढत नाही. माळ नांगरले गेले, उरलेल्यावर वेडी बाभूळ पसरली, वणव्याने गवताचे बी आणि पिल्ले दोन्ही जळतात. गवताळ माळावर झाडांची दाटी केली तरी त्याचे घर मोडतेच. ससा राहावा असे वाटत असेल तर गवत राखले पाहिजे.

ते कसे राखावे, हे धुळे तालुक्यातल्याच लामकानीने दाखवले आहे. डॉ. धनंजय नेवाडकर यांच्या पुढाकाराने गावाने उघड्याबोडक्या डोंगरावर कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी पाळली. गुरे व कुऱ्हाड थांबताच पवन्यासारखी मूळची गवते पुन्हा उगवली. गवताने माती धरली, मातीने पाणी धरले. साक्री तालुक्यातल्या बारीपाड्यानेही स्वतःच नियम करून जंगल राखले; त्या कामासाठी चैत्राम पवार यांना २०२५ साली पद्मश्री मिळाली.

एक गोष्ट मात्र ठणकावून सांगितली पाहिजे. चराईबंदी झाली की पहिला फटका बसतो तो भूमिहीनाच्या दोन शेळ्यांना. ज्याचे शेत आहे त्याला बांधाचा चारा असतो. ज्याला बांधच नाही त्याने जावे कोठे? म्हणून डोंगर बंद करण्यापूर्वी गावसभेत आपण बसले पाहिजे, आपल्या बायकांनी बोलले पाहिजे. गवत कापून नेण्याचा पहिला हक्क भूमिहीन घराला, हे ठरावात लिहून घ्यावे. तसे झाले तर राखणदार वेगळा नेमावा लागणार नाही. ज्याची शेळी त्या गवतावर जगते, तो वणवा लागू देणार नाही, आणि त्याच गवतात ससाही सुखाने बसेल.