जुन्या वाद्याची किंमत

बिनपडद्यांची बास गिटार जुनी घ्यावयाची, तर नुसते रंगरूप पाहून भागत नाही. सरोदाप्रमाणे येथेही सूर सर्वस्वी बोटाच्या स्वाधीन. बिल वायमनने १९६१ साली आपल्या गिटारचे पडदे उपटले. अँपेगने १९६६ साली असे वाद्य तयारच विक्रीस काढले. आम्ही दांडी डोळ्याच्या रेषेत धरून पाहिली, बाक नव्हता. मग पट्टीवरून नख फिरविले. गुंडाळीच्या खरखरीत तारांनी तेथे खोल चर पाडले होते. विकणारा तरुण काहीच बोलेना. वैगुण्य दाखवून किंमत पाडावी, हा व्यवहार खरा. पण हे वैगुण्य म्हणजे त्याचा रियाज! घरभाड्यासाठी वाद्य विकणाऱ्यापाशी ते कोणत्या तोंडाने बोलून दाखवावे? पट्टी तासण्याची मजुरी तेवढी आम्ही वजा केली. बाकी रक्कम त्याने सांगितली तीच दिली.